ग्रंथालयाचा कारभारी कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वाचनालयें नेहमीप्रमाणें उघडलीं व नेहमीप्रमाणें बंद झालीं. वर्तमानपत्रें मेजांवर मांडलीं गेलीं, दिवाळी अंकांची मागणी नोंदविली गेली, अभ्यासिकेंतील मुलें दिवे लागेपर्यंत आपापल्या जागा धरून बसलीं. ग्रंथपालाच्या मेजावरील संगणकहि रोजच्यासारखाच चालला. परंतु त्याच दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची नित्याची देखभाल थांबविली. तिच्यांत पुढें सांपडणारीं भगदाडें फुकट बुजवून देण्याची जबाबदारी तेव्हांपासून कंपनीवर राहिली नाहीं. खाजगी ग्राहकांस वर्षभराची वाढीव मुदत तिनें देऊं केली खरी. पण मुदत वाढली म्हणून कर्ज फिटत नाहीं.

यावर आमच्या परिचयाच्या दोन-तीन कार्यकारी मंडळांत जी चर्चा झाली ती आम्हीं ऐकली. प्रश्न एकच होता : नव्या संगणकाला पैसे कोठून आणावे? त्यावर कोणती प्रणाली घालावी, हा प्रश्न कोणाच्याहि तोंडून निघाला नाहीं. संगणक म्हटला कीं विंडोज, हें जणूं ब्रह्मदेवानेंच लिहून ठेवलें आहे! ज्या मंडळांत एका कोशाच्या खरेदीवरून तास-तास वाद होतो, तेथें संस्थेच्या साऱ्या नोंदी ज्याच्या स्वाधीन करावयाच्या त्याच्याविषयीं एक अक्षरहि निघूं नये, ही उदासीनता आम्हांस घातक वाटते, आणि तिच्याविरुद्धच आज आम्हांस लिहावयाचें आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम, जिला आम्ही पुढें नुसतें प्रणाली म्हणूं, ती म्हणजे संगणकाचा कारभारी होय. यंत्र तिच्या हुकुमानें चालतें, कागद तिच्या हातून छापला जातो, लिहिलेलें तिच्या कोठारांत पडतें आणि मागितलें असतां तीच काढून देते. कारभारी चोख असला तर मालकाला त्याची आठवणहि होत नाहीं. पण साऱ्या किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला गेल्यावर मालकाची काय अवस्था होते, हें मराठी वाचकाला इतिहासांतून निराळें शिकविण्याची गरज नाहीं.

आज असे कारभारी मुख्यतः तीन आहेत. पहिला विंडोज. तो एका कंपनीच्या मालकीचा आहे. आपण विकत घेतों तो प्रत्यक्ष तो नव्हे, तर तो वापरण्याचा परवाना. दुसरा ॲपल कंपनीचा मॅकओएस. तो त्याच कंपनीच्या यंत्रांवर चालविण्याची अट आहे, आणि तीं यंत्रें इतकीं महाग कीं तालुक्याच्या वाचनालयानें त्याचा विचार न करणेंच बरें. तिसरा लिनक्स. १९९१ सालीं हेलसिंकी येथें शिकत असलेल्या लिनस टोर्वाल्ड्स यांनीं त्याचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाचीं साधनें त्यास जोडलीं गेलीं. आणि तेव्हांपासून देशोदेशींचे हजारों लोक तो वाढवीत आले आहेत. तो कोणीहि घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा व दुसऱ्यास द्यावा, अशी मोकळीक त्याच्या परवान्यांतच लिहिलेली आहे. डेबियन, उबुंटू, मिंट हीं त्याचींच निरनिराळीं रूपें. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं काढलेली बॉस ही प्रणालीहि त्याच कुळांतील.

फुकट मिळतें तें हलकें असतें, असा आपल्याकडे एक समज आहे. त्याला एवढेंच उत्तर पुरे कीं, जगांतील सर्वांत बलाढ्य अशा पांचशें महासंगणकांची जी यादी दर सहा महिन्यांनीं प्रसिद्ध होते, तिच्यांतील पांचशेंच्या पांचशें यंत्रें २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आलीं आहेत. आणि ज्या सभासदांना लिनक्स हें नांवहि ठाऊक नाहीं, त्यांतील बहुतेकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोनचा गाभा तोच आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : घरीं ज्यानें त्यानें आपल्या सोयीचा कारभारी ठेवावा, सार्वजनिक ग्रंथालयानें मात्र आपल्या नोंदी मुक्त प्रणालीच्याच हातीं द्याव्या. घर आपलें असतें. ग्रंथालय आपलें नसतें. कार्यकारी मंडळ हें ग्रंथालयाचें मालक नसून विश्वस्त आहे. त्यांतील पैसा १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वयें मिळणाऱ्या अनुदानाचा, म्हणजे जनतेचा. कांहीं पुस्तकें कलकत्त्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या साह्यानें आलेलीं. कपाटें कोणी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलीं. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम मांडले, त्यांतील शेवटच्याचा आशय असा कीं ग्रंथालय सतत वाढत जाणारें असतें. जें वाढत जाणार तें आजच्या मंडळाहून, आजच्या ग्रंथपालाहून आणि आजच्या कंपन्यांहूनहि अधिक जगणार. अशा दीर्घायुषी संस्थेच्या नोंदी कोणा एकाच्या मर्जीवर ठेवणें विश्वस्ताला शोभत नाहीं.

हें भय काल्पनिक नव्हे. एका तालुक्याच्या गांवचें वाचनालय आमच्या चांगल्या माहितीचें आहे. तेथील ग्रंथपालानें कांहीं वर्षें उन्हाळ्याच्या दिवसांत खपून हजारों पुस्तकांची यादी संगणकावर चढविली. त्या काळीं छापखान्यांतून प्रचलित असलेल्या एका मराठी फाँटमध्यें ती टंकित केलेली होती. पुढें यंत्र बिघडलें, नवें आलें, त्याबरोबर विंडोजची नवी आवृत्ति आली. जुना फाँट त्यावर चढेना, आणि तो ज्यानें बसवून दिला होता तो गृहस्थ गांव सोडून गेला होता. यादी उघडली तेव्हां पडद्यावर मराठीचें एकहि अक्षर नव्हतें; रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि चौकोन यांचा नुसता पाचोळा. ग्रंथपालानें तो क्षणभर पाहिला, आणि माळ्यावरून दाखल नोंदवह्या खालीं काढल्या. संगणकानें गमावलें तें वहीनें राखलें होतें. त्यानें पुन्हां पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केली.

हा दोष विंडोजचा नव्हे, फाँटचा, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंहि आहे. त्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. भारत सरकारनें इस्की हें प्रमाण १९९१ सालीं ठरविलें, युनिकोडमध्येंहि त्याच सुमारास देवनागरीला स्थान मिळालें. तरी आम्ही पुढें कितीक वर्षें कंपन्यांच्या मांडणीलाच चिकटून राहिलों. आज युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक हे दोन्ही विंडोजवरहि आहेत व लिनक्सवरहि. या बाबतींत एकाला उणें म्हणणें अन्यायाचें होईल. पण त्या पाचोळ्यापासून जो धडा घ्यावयाचा तो हा कीं, जी वस्तु उघडून पाहतां येत नाहीं तिच्यांत सार्वजनिक ठेवा ठेवूं नये. एक बंद पेटी, तींत दुसरी बंद पेटी, तींत तिसरी, आणि तीन किल्ल्या तिघांजवळ, अशी ही रचना होती. तिघांतील एक नाहींसा झाला कीं ठेवा गेला.

आणि आमच्या या दोन जिल्ह्यांचा ठेवा कांहीं एकाच लिपीचा नाहीं. नांदेडला गुरु गोविंदसिंगांचें तख्त असल्यामुळें गुरुमुखी ग्रंथ आले. निजामी अमदानींत विद्या व दरबार उर्दूचा असल्यामुळें उर्दू पुस्तकें घरोघर राहिलीं. धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगु, देगलूर-उदगीरकडे कानडी शेजार आहे. जुन्या वाड्यांतून मोडीचीं बाडें निघतात. मोडीला युनिकोडमध्यें स्थान मिळालें तें २०१४ सालीं. ज्या संस्थेच्या कपाटांत इतक्या लिप्या नांदतात, तिनें आपल्या यादीचें भवितव्य सर्वांस खुल्या असलेल्या प्रमाणांवरच उभें केलें पाहिजे.

आतां खर्चाकडे व नीतीकडे वळूं. ड वर्गाच्या वाचनालयाचें वार्षिक अनुदान अजून हजारांतच मोजलें जातें, आणि तें हातीं येतें केव्हां, हा निराळा विषय. विंडोज ११ ला सुरक्षेची एक विशिष्ट चकती, म्हणजे टीपीएम २.०, लागते, आणि साधारण २०१८ च्या आधींचे बहुतेक प्रोसेसर तिला चालत नाहींत. म्हणजे चालतें-बोलतें यंत्र केवळ कारभारी बदलला म्हणून अडगळींत टाकावयाचें. त्याच यंत्रावर लिनक्सचें एखादें हलकें रूप घातलें, आणि फिरत्या तबकडीच्या जागीं एक एसएसडी बसविली, तर तें यादी शोधणें, पत्रें लिहिणें व वाचकांस इंटरनेट दाखविणें हीं कामें आणखी कित्येक वर्षें करूं शकतें. हें आम्हीं करून पाहिलें आहे.

यावर व्यवहारी माणूस हळूच म्हणतो कीं, विंडोजला पैसे पडतातच कोठें? दुकानदार ती अशीच घालून देतो. वाचकहो, सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच आहे. परवान्यावांचून घातलेली ती प्रत चोरीची असते, आणि जाणूनबुजून अशी प्रत वापरणें हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणें कैदेस पात्र गुन्हा आहे. जें ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयाचा शिक्का असलेलें पुस्तक दाखल करून घेणार नाहीं, जें लेखकाच्या हक्कांविषयीं ग्रंथदिनीं व्याख्यानें ठेवतें, त्याच्या मेजावर चोरीची प्रणाली कशी चालते? पैसे देऊन परवाना घेणारा आमचा विरोधक असला तरी प्रामाणिक आहे. फुकट मिळणारा प्रामाणिक मार्ग समोर असतां फुकटच मिळणारा अप्रामाणिक मार्ग धरणाऱ्यास मात्र कोणतीच सबब उरत नाहीं.

आमच्या विरोधकांचे आक्षेप आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, सर्वांना विंडोजच येते. २००२ पासून गांवोगांवचीं मुलें एमएस-सीआयटी करतात तींहि मुख्यतः तिच्यावरच. ठीक. पण वाचनालयांत बसणारा वाचक संगणकाजवळ काय करतो? लातूर पॅटर्नचा विद्यार्थी नीटचा अर्ज भरतो, लोकसेवा आयोगाचें संकेतस्थळ पाहतो, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतो. हीं सारीं कामें ब्राउझरमध्यें होतात, आणि फायरफॉक्स हा विंडोजवर जसा दिसतो तसाच लिनक्सवर दिसतो. त्या मुलानें अँड्रॉइड फोन वापरण्याचा कोणता वर्ग केला होता? ज्याला एका प्रकाशकाच्या अंकलिपीवर अक्षरओळख झाली त्याला दुसऱ्या प्रकाशकाचें पुस्तक वाचतां येत नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. केरळनें आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण कित्येक वर्षें मुक्त प्रणालीवरच चालविलें आहे. केरळच्या मुलांना जें साधलें तें उदगीर-कंधारच्या मुलांना साधणार नाहीं, हें आम्हांस मान्य नाहीं.

दुसरा आक्षेप ग्रंथालयाच्या कामाचा आहे. महाविद्यालयांत चालणारें इन्फ्लिबनेटचें सोल हें सॉफ्टवेअर विंडोजवर बसतें, मग ती सोडावी कशी? ज्या महाविद्यालयाचें काम सोलवर नीट चालू आहे त्यानें तें उद्यां सकाळीं बंद करावें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण वारें कोणीकडे वाहत आहे तें पाहावें. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचें ई-ग्रंथालय पूर्वीं विंडोजवर व मायक्रोसॉफ्टच्याच नोंदकोठारावर अवलंबून होतें. त्याची चौथी आवृत्ति ब्राउझरमधून चालते आणि नोंदी पोस्टग्रेस या मुक्त कोठारांत ठेवते. केंद्र सरकारनें स्वतःच्या कचेऱ्यांसाठीं मुक्त सॉफ्टवेअरला अग्रस्थान देण्याचें धोरण २०१५ सालींच जाहीर केलें. सरकार ज्या वाटेला लागलें आहे त्या वाटेवर सरकारी अनुदानाचें वाचनालय मागें कां राहावें?

तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे : बिघडलें तर दुरुस्त कोण करणार? विंडोजचा जाणकार प्रत्येक पेठेंत आहे. लिनक्सचा माणूस मुखेडला अगर देवणीला शोधावा कोठें? ही अडचण आम्हीं स्वतः भोगली आहे. आमच्या घरचा एक प्रिंटर लिनक्सवर चालविण्यासाठीं आम्हीं दोन रविवार घालविले आणि शेवटीं हार खाल्ली. तेव्हां या वाटेवर कांटे नाहींत असें आम्ही सांगणार नाहीं. परंतु १९९४ सालीं स्थापन झालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे, त्याचें उपकेंद्र लातूरला आहे. नांदेडला गुरु गोविंदसिंगांच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. संगणकाची विद्या घेतलेलीं मुलें या दोन शहरांतून दरवर्षीं पुण्याची गाडी धरतात. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो हाच. या मुलांनीं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एकेक वाचनालय हातीं घेतलें, तर जाणकार नाहीं ही ओरड थोड्या वर्षांत बंद होईल.

एक अपवाद मात्र आम्ही आपण होऊन मान्य करतों. दृष्टिहीन वाचकांसाठीं पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारें एनव्हीडीए हें साधन मुक्त व फुकट असलें तरी तें विंडोजवरच चालतें, आणि आपल्याकडील कितीक दृष्टिहीन विद्यार्थी त्यालाच सरावलेले आहेत. लिनक्सवर ऑर्का आहे. पण ज्याच्या डोळ्यांचें काम तें साधन करतें त्याला आमच्या तत्त्वासाठीं साधन बदलावयास लावणें हा जुलूम होईल. अशा वाचकांकरितां एका यंत्रावर रीतसर परवाना घेऊन विंडोज ठेवावी.

आतां करावें काय? याचें उत्तर फार दूरच्या एका लहान ग्रंथालयानें देऊन ठेवलें आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय-संस्थेपुढें १९९९ सालीं असा पेंच पडला कीं तिची जुनी संगणक-व्यवस्था २००० सालच्या तारखा ओळखणार नव्हती. नवी विकत घ्यावी तर खर्च झेपेना. तिनें कटिपो या स्थानिक मंडळीकडून स्वतःची व्यवस्था लिहवून घेतली, २००० च्या जानेवारींत ती चालू केली, आणि झालेलें काम कुलपांत न ठेवतां जगाला मोकळें करून दिलें. तिचें नांव कोहा. माओरी भाषेंत कोहा म्हणजे भेट. परत फेडण्याची जाणीव जींत असते अशी भेट, आपल्याकडील आहेरासारखी. आज ती जगांतील हजारों ग्रंथालयांत चालते. ती बसवावयाची असते लिनक्सवर, आणि वापरावयास लागतो केवळ ब्राउझर. नोंदी युनिकोडमध्यें राहतात व मार्क या सर्वमान्य नमुन्यांत केव्हांहि बाहेर काढतां येतात. कोहा सोडावीशी वाटली तरी आपला ठेवा घेऊन निघून जातां येतें. कारभारी चांगला कीं वाईट, याची हीच खरी कसोटी आहे.

आमची सूचना अशी कीं, प्रत्येक वाचनालयानें स्वतंत्र खटाटोप करूं नये. लातूर जिल्ह्याच्या व नांदेड जिल्ह्याच्या ग्रंथालय संघांनीं आपापल्या जिल्ह्यापुरती एकच कोहा एका यंत्रावर उभी करावी. कोहामध्यें अनेक शाखा मांडण्याची सोय मुळांतच आहे; प्रत्येक वाचनालय ही एक शाखा व्हावी. नोंदींची प्रत दररोज रात्रीं दुसऱ्या गांवीं ठेवावी. दहा-पंधरा वाचनालयांनीं वर्गणी करून एक जाणकार तरुण नेमावा. मग निलंग्याच्या वाचकाला हवें असलेलें पुस्तक औशाला आहे कीं अहमदपूरला, हें त्याला घरबसल्या कळेल. वीज अगर इंटरनेट गेलें तर त्या दिवसापुरती कच्ची वही आहेच. ती आम्ही कधींच टाकून देणार नाहीं. २०२२ सालीं उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें तेव्हां मराठवाड्याच्या वाचनप्रेमाचें पुष्कळ कौतुक झालें. त्या प्रेमाला आपल्याच जिल्ह्यांत कोणतें पुस्तक कोठें आहे हें ठाऊक नसावें, ही गोष्ट कौतुकाची नव्हे.

राहिला खाजगी वापर. येथें आम्ही कोणाच्या घरांत शिरूं इच्छीत नाहीं. ज्याचा छापखाना श्रीलिपीवर चालतो, ज्याचें दुकान टॅलीवर चालतें, त्यानें परवाना घेऊन विंडोज ठेवावी. ज्याला परवडतें व चित्रकाम करावयाचें आहे त्यानें मॅक घ्यावा. ज्या विद्यार्थ्याजवळ थोरल्या भावाचा जुना संगणक आहे, त्यानें मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरून आधीं चालवून पाहावें. यंत्रांतील कांहीं न पुसतां तें पाहतां येतें. आमच्या घरीं दोन्ही प्रणाली आहेत, आणि त्या प्रिंटरचें काम अजून विंडोजच करते. घरीं सोय हा निकष पुरेसा आहे, कारण गैरसोय झाली तर ती आपल्या एकट्याची होते.

वाचनालयाचें तसें नाहीं. निजामी राजवटींत गश्ती नंबर ५३ मुळें साधी सभा भरवावयास सरकारी परवानगी लागत असे. त्या परवानगीच्या जाचांतून मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजीं सुटला. मराठीचा दिवा ज्यांनीं त्या काळीं जपला त्यांचे आम्ही वारस, आणि आमच्याच पुस्तकांची यादी उघडण्याकरितां दुसऱ्याच्या परवान्याची वाट पाहतों! लातूरला २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ज्यांनीं तें पाणी धाडलें त्यांचे उपकार आहेतच. पण त्या उन्हाळ्यानें प्रत्येक लातूरकराला एक गोष्ट शिकविली, ती अशी कीं आड आपला असावा व त्याचा गाळ आपणच काढावा. ग्रंथालयाच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेंत नव्या संगणकाच्या खर्चाचा ठराव येईल. त्या वेळीं एखाद्या सभासदानें उठून, या यंत्राचा कारभारी कोण, एवढाच प्रश्न विचारला तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.